शार्प किती, ब्लर किती? डेप्थ ऑफ फील्ड सोप्या मराठीत

लेन्स एका वेळी एकाच अंतरावर फोकस करते. दोन मीटरवर फोकस केला असेल, तर बरोब्बर दोन मीटरवरची वस्तू शार्प. काटेकोर बोलायचं तर एक मीटर नव्व्याण्णव सेंटिमीटरवरची वस्तूसुद्धा आउट ऑफ फोकस. मग नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सगळा चेहरा फोटोत नीट कसा दिसतो? एवढ्याशा चुकीकडे आपली नजर कानाडोळा करते म्हणून. फोकसच्या अलीकडे आणि पलीकडे जिथपर्यंत हा कानाडोळा चालतो, त्या पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. फोटोग्राफर मंडळी नुसतं ‘डेप्थ’ म्हणतात. मीही इथे तेच म्हणतो.

हा पट्टा प्रत्यक्ष बघायचा असेल तर रद्दीतलं एखादं वर्तमानपत्र टेबलावर पसरा. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिलिमीटरची साधी किट लेन्स ५५ वर आणा, अपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडं भोक, एफ/५.६ वर ठेवा (या आकड्यांचा अर्थ पुढे येतोच), आणि कागदाला जवळजवळ टेकल्यासारखं खाली वाकून, हातभर अंतरावरच्या एका ओळीवर फोकस करून तिरका फोटो काढा. तीन-चार ओळी कुरकुरीत वाचता येतील. त्यांच्या वरच्या आणि खालच्या ओळी हळूहळू फुगत, पसरत जातील आणि शेवटी नुसता करडा रंग उरेल. आता काहीही न हलवता अपर्चर एफ/१६ करा. त्याच जागी आठ-दहा ओळी वाचता येतील. एक गोष्ट मुद्दाम बघा: शार्प ओळ कुठे संपली आणि ब्लर कुठून सुरू झाला, तिथे पेन्सिलीने रेघ मारता येणार नाही. पट्ट्याला कडा नसतेच. पुस्तकांतल्या आकृत्यांमध्ये डेप्थची हद्द सरळ रेषेने आखलेली असते, ती समजावण्याच्या सोयीसाठी.

मिलिमीटरचा तेहतिसावा हिस्सा

समोरच्या एका बिंदूपासून निघालेला प्रकाश लेन्सच्या सगळ्या उघड्या भागातून आत शिरतो आणि पलीकडे निमुळता होत होत पुन्हा एका बिंदूत मिळतो. सेन्सर नेमका त्या टोकावर असेल तर बिंदूचा बिंदूच उमटतो. टोक सेन्सरच्या थोडं पुढे किंवा मागे पडलं, तर सेन्सरवर बिंदूऐवजी छोटी चकती उमटते. ब्लर म्हणजे अशा लाखो चकत्या एकमेकींवर चढलेल्या. लेन्सचं भोक लहान केलं की प्रकाशाची ही शंकूसारखी जुडी बारीक होते, मग टोक थोडं चुकलं तरी चकती फार मोठी होत नाही. अपर्चर बंद केल्यावर डेप्थ का वाढते, त्याचं कारण एवढंच.

आता चकती किती लहान असली म्हणजे तिला बिंदू म्हणायचं? फिल्मच्या काळात याचा एक सोयीचा हिशेब ठरला. फोटो साधारण आठ बाय दहा इंचांचा छापायचा आणि हातात धरून पंचवीस सेंटिमीटरवरून बघायचा. तेवढ्या अंतरावरून पाव मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका डोळ्याला बिंदूच वाटतो. ३५ मिलिमीटर फिल्मची फ्रेम (२४ बाय ३६ मिलिमीटर) त्या कागदापर्यंत पोचायला साधारण आठपट मोठी करावी लागते. पाव मिलिमीटरला आठाने भागलं की ०.०३ मिलिमीटर येतात. फुल फ्रेम, म्हणजे फिल्मच्या या फ्रेमएवढाच सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यासाठी आजही हाच आकडा धरतात. लहान, म्हणजे एपीएस-सी सेन्सरसाठी ०.०२ धरतात, कारण त्याची फ्रेम तेवढ्याच कागदापर्यंत जास्त ताणावी लागते.

मोबाइलवरची डेप्थ मोजणारी ॲप्स, लेन्सवर कोरलेल्या खुणा, इंटरनेटवरचे तक्ते, सगळे या जुन्या गृहीतकावर उभे आहेत. आपण मात्र फोटो काढल्यावर घरी येतो आणि मॉनिटरवर शंभर टक्के झूम करून पापण्या मोजतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी ०.००६ मिलिमीटर असते, म्हणजे ती ०.०३ ची सवलत आपण पाचपट कडक करून टाकतो. ॲपने सतरा सेंटिमीटर डेप्थ सांगितलेली असते आणि झूम केल्यावर तीन-चार सेंटिमीटरच खणखणीत दिसते, यात ॲपची काही चूक नसते. उलट तोच फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की पलीकडच्याला सगळंच शार्प वाटतं. डेप्थ अर्धी कॅमेऱ्यात असते आणि अर्धी फोटो बघण्यात. त्यामुळे कुणी ‘एवढी डेप्थ मिळते’ असं छातीठोकपणे सांगितलं, तर फोटो केवढा करून बघायचा आहे, ते आधी विचारावं.

अपर्चर, अंतर, लेन्स

डेप्थचे आकडे हलवणारे दांडे तीन. अपर्चर सगळ्यांना माहीत असतं. एफ नंबर म्हणजे फोकल लेंग्थला (लेन्सवर लिहिलेला ५०, ८५ असा मिलिमीटरचा आकडा) भोकाच्या व्यासाने भागून आलेला आकडा. ५० मिलिमीटरच्या लेन्सचं भोक २५ मिलिमीटर असेल तर एफ/२, आणि ते तीन मिलिमीटरवर आलं की जवळजवळ एफ/१६. आकडा मोठा तेवढं भोक लहान, हे नव्या माणसाला उलटं वाटतं ते त्यात भागाकार आहे म्हणून. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या पायऱ्यांत दोन पायऱ्या चढलात की डेप्थ दुप्पट होते आणि प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो.

अंतराकडे मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि खरं वजन तिथे आहे. ५० मिलिमीटरची लेन्स, फुल फ्रेम, एफ/१.८. माणूस चार मीटरवर उभा असेल तर डेप्थ सुमारे ७० सेंटिमीटर. दोन मीटरवर आला तर १७. एक मीटरवर आला तर जेमतेम सव्वाचार. अंतर निम्मं झालं की डेप्थ चौथ्या हिश्श्यावर येते. दोन पावलं मागे सरकण्याने जे मिळतं, त्यासाठी अपर्चरच्या चार पायऱ्या चढाव्या लागतात. भारी लेन्स घेण्याआधी पाय हलवून बघा, असं मी ज्याला त्याला सांगतो, आणि फारसं कुणी ऐकत नाही.

तिसरा दांडा फोकल लेंग्थचा. ‘टेलीने (म्हणजे लांब फोकल लेंग्थच्या लेन्सने) डेप्थ कमी होते’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. जागा न बदलता लेन्स बदललीत तर ते खरं आहे. पण आपण सहसा माणूस फ्रेममध्ये तेवढाच राहील असं मागेपुढे होतो. ५० ने दोन मीटरवरून एफ/४ ला काढलेला फोटो आणि १०० ने चार मीटरवरून एफ/४ ला काढलेला फोटो घ्या. माणूस दोन्हींत तेवढाच मोठा. डेप्थ दोन्हींत ३८-३९ सेंटिमीटर. तरीही १०० ने काढलेल्या फोटोत मागचं जास्त विरघळलेलं दिसतं, आणि ते डोळ्याने दिसतंय म्हटल्यावर डेप्थ सारखीच आहे हे कुणी मान्य करायला तयार होत नाही.

इथेच घोळ आहे. ‘किती शार्प?’ आणि ‘मागचं किती विरघळलं?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डेप्थ पहिल्याचं उत्तर देते. बहुतेकांना हवं असतं दुसऱ्याचं.

मागचा दिवा केवढा दिसेल?

दुसऱ्या प्रश्नाचा एक हिशेब आहे, अगदी तोंडी करण्याजोगा, आणि तो फारसा सांगितला जात नाही याचं मला नवल वाटतं. खूप लांबच्या दिव्याची फोटोत जी चकती उमटते, ती फोकसमधल्या माणसाच्या चेहऱ्याशेजारी धरून मोजली तर लेन्सच्या भोकाएवढीच भरते. सरळ भोकाचा व्यास.

दिवाळीत गच्चीवर कुणाला उभं केलंय आणि मागे लांबच्या इमारतीवर दिव्यांची माळ आहे असं समजा. ५० मिलिमीटर एफ/१.८ चं भोक २८ मिलिमीटर. म्हणजे मागचा एकेक दिवा चेहऱ्याच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याएवढा गोळा दिसेल. ८५ मिलिमीटर एफ/१.८ चं भोक ४७ मिलिमीटर, गोळा चेहऱ्याच्या एक तृतीयांश. वर सांगितलेल्या ५० आणि १०० च्या जोडीत एफ/४ ला भोकं साडेबारा आणि पंचवीस मिलिमीटरची होती. डेप्थ सारखी राहूनही मागचं दुप्पट का विरघळलं, ते आता सांगायला नको.

किट लेन्सवाल्यांनी या हिशेबाकडे जरूर बघावं. १८ वर एफ/३.५ मिळतं म्हणून लोक झूम १८ वरच ठेवून बसतात. १८ ला साडेतीनने भागा, भोक पाच मिलिमीटर. तीच लेन्स ५५ वर नेली की एफ/५.६ च मिळतं, पण ५५ ला ५.६ ने भागून भोक होतं जवळजवळ दहा मिलिमीटर. आकडा ‘वाईट’ झाला आणि ब्लर दुप्पट झाला. भिगवणला रोहित पक्षी टिपणाऱ्यांच्या ५०० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/६.३ असूनही मागचं पाणी आणि झुडपं मऊ होऊन जातात, त्याचंही कारण हेच: भोक ७९ मिलिमीटर.

मागची वस्तू फार लांब नसेल तर गोळा त्या प्रमाणात लहान होतो. माणूस दोन मीटरवर आणि भिंत त्याच्या मागे अर्ध्या मीटरवर असेल, तर भोकाच्या एक पंचमांशच ब्लर मिळतो. भिंत माणसाच्या मागे दोन मीटर असेल तर निम्मा. वीस मीटरवरची झाडं असतील तर नऊ दशांश. माणसाला भिंतीला टेकवून उभं करायचं आणि मग एफ/१.४ ची लेन्स नाही म्हणून हळहळायचं, यात काही अर्थ नाही. त्याला चार पावलं पुढे बोलवा.

आता मोबाइल. मागच्या मुख्य कॅमेऱ्याजवळ एफ/१.८ वगैरे लिहिलेलं असतं. पण त्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ सहा-सात मिलिमीटर. भोक साडेतीन-चार मिलिमीटरचं, ज्वारीच्या दाण्याएवढं. लांबचा दिवा चेहऱ्याशेजारी ज्वारीच्या दाण्याएवढाच गोळा होणार, मग मागचं उडेल कुठून? मोबाइलवर खरा ब्लर हवा असेल तर अगदी जवळ जाऊन छोटी वस्तू घ्यावी लागते: एखादं फूल, मोदकाच्या कळ्या, अंगठी. तिथे दाण्याएवढा गोळासुद्धा वस्तूच्या मानाने मोठा असतो.

याच दाण्याचं दुसरं टोक बघण्यासारखं आहे. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आणि त्यांच्या काही मित्रांनी ‘ग्रुप एफ/६४’ नावाचा गट काढला. त्या वेळी धूसर, चित्रासारखे वाटणारे फोटो काढण्याची चाल होती. या मंडळींना पायाजवळच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सगळं लखलखीत हवं होतं, म्हणून मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर जे अगदी बारीक अपर्चर असायचं, त्याचंच नाव त्यांनी गटाला दिलं. आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हवर ३०० मिलिमीटरची लेन्स लावून एफ/६४ केलं तर भोक होतं ४.७ मिलिमीटरचं. पुन्हा जवळजवळ तोच ज्वारीचा दाणा! एकाने पाठीवर वाहून नेलेला लाकडी कॅमेरा आणि दुसऱ्याच्या खिशातला मोबाइल, दोघांची डेप्थ जवळपास सारखी. मोबाइल जन्मतःच एफ/६४ च्या गटात आहे. त्याला धूसर फोटोच्या गटात ओढायचा खटाटोप म्हणजे पोर्ट्रेट मोड.

पोर्ट्रेट मोडमध्ये भिंगाचं काम हिशेबावर सोपवलेलं असतं. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसने दोन कॅमेऱ्यांच्या नजरेतल्या फरकावरून कोणती वस्तू किती लांब आहे याचा नकाशा तयार करून मागचं ब्लर करायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी गुगलच्या पिक्सेल २ ने मागच्या एकाच कॅमेऱ्यावर, सॉफ्टवेअरच्या मदतीने, तेच करून दाखवलं. तेव्हापासून ते बरंच सुधारलंय. पकडायचंच असेल तर दोन ठिकाणी बघा. एक, कडा: सुटे केस, गजऱ्यातून बाहेर आलेली फुलं, चष्म्याची काडी, नथीचा आकडा. दुसरं, जमीन. खऱ्या ब्लरमध्ये पायाखालची फरशी शार्प असते आणि मागे जाता जाता हळूहळू विरघळते. खोट्यात पुष्कळदा माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. मला त्याचा राग वगैरे नाही. घरगुती फोटोला चालतो, आणि आजकाल फोटो काढल्यानंतरही ब्लर कमी करता येतो. तो जरूर कमी करावा. कंपनीने ठरवलेला ब्लर सहसा अंमळ जास्तच असतो.

एफ/१.८ चा नाद

एफ/१.८ ची स्वस्त ५० हातात आली की पुढचे काही महिने माणूस ती उघडी ठेवूनच फोटो काढतो. सगळेच काढतात. बाळाचा एक डोळा शार्प आणि दुसरा गेलेला. ताटातल्या एका लाडवाचा पुढचा अर्धा भाग शार्प आणि उरलेला फराळ ओळखू न येण्याइतका पातळ. लग्नात ८५ ची लेन्स एफ/१.८ ला ठेवून दोन मीटरवरून जोडप्याचा फोटो घेतला तर डेप्थ सहा सेंटिमीटर. नवरा वधूच्या खांद्यामागे जरासा जरी उभा असला तरी तो पट्ट्याबाहेर गेलाच. एफ/५.६ केलं तर एकोणीस सेंटिमीटर मिळतात, दोघंही शाबूत राहतात, आणि हॉलची सजावट तरीही मऊच दिसते, कारण ती मागे दहा-पंधरा मीटरवर असते. किंवा एफ/२.८ ठेवा आणि दोघांना एका रेषेत उभं करा. पैसे पडत नाहीत.

माझं स्पष्ट मत आहे की पार्श्वभूमी उडवणं हा पुष्कळदा आळस असतो. मागे काय आहे ते बघायचं नसतं म्हणून ते पुसून टाकायचं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढत असताना डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एखाद्या बाईंचा फोटो एफ/१.८ ला घेतला, तर चेहरा सुंदर येईल, पण घाटाच्या वळणांवरून येणारी दिंड्यांची रांग म्हणजे नुसता पांढरा-भगवा धूर. तो फोटो मग कुठल्याही मंदिराच्या बाहेर काढलेला असू शकतो. तिथे एफ/५.६ किंवा ८ लावावं: चेहरा पुढे राहतो, मागची माणसं माणसं म्हणून कळतात, पण लक्ष खेचत नाहीत. मागच्यातलं काय वाचता आलं पाहिजे आणि काय नाही, हे आधी ठरवायचं आणि मग एफ नंबर. उलट बाजारात, जिथे मागे विजेच्या तारा, फ्लेक्स आणि मोटारसायकली आहेत, तिथे खुशाल उडवा.

कासच्या पठारावर

डेप्थची खरी परीक्षा घेणारी आपल्याकडची जागा म्हणजे साताऱ्याजवळचं कास पठार. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासही आहे. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे एकाच जागी उभं राहून दोन अगदी विरुद्ध अडचणींशी झुंजावं लागतं: सेंटिमीटरभर फूल आणि किलोमीटरभर दृश्य.

आधी फूल. सीतेची आसवं हे नाव गोड असलं तरी वनस्पती कीटकभक्षी आहे. ओल्या मातीत तिच्या सूक्ष्म पिशव्या बारीक जीव गिळत असतात आणि वर जांभळट-निळी फुलं डुलत असतात. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या, लेन्सने ते फूल सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराचं घ्यायचं म्हटलं, तर फुल फ्रेमवर एफ/८ ला डेप्थ सुमारे एक मिलिमीटर. चुकून लिहिलेलं नाही, एक मिलिमीटर. एफ/११ ला १.३. श्वास घेतला तरी फोकस हलतो. इथे अपर्चरच्या मागे लागण्यापेक्षा थोडं मागे यावं. फूल खऱ्या आकाराच्या निम्मं घेतलं तर त्याच एफ/११ ला चार मिलिमीटर डेप्थ मिळते, तिप्पट. नंतर कडेचा भाग कापून टाका. आजकालच्या सेन्सरमध्ये तेवढे पिक्सेल असतात.

दुसरा उपाय अपर्चरपेक्षाही कामाचा, आणि फुकट. शार्प पट्टा हा सेन्सरला समांतर असलेला सपाट थर असतो. वस्तू त्या थरात बसवता आली तर मिलिमीटरभर डेप्थही पुरते. नीलवंत फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल आणि कॅमेरा पंखांना बरोबर समांतर धरला, तर एफ/५.६ ला दोन्ही टोकं शार्प येतात. तिरका धरला तर एफ/१६ लासुद्धा एक टोक जातं. म्हणून फुलाभोवती फिरून आधी त्याची जास्तीत जास्त महत्त्वाची अंगं एका पातळीत कुठून दिसतात ते शोधायचं. फिरायचं अर्थातच आखलेल्या वाटेवरून. एका फोटोसाठी शंभर फुलांवर आडवं पडणारे महाभाग तिथे दर हंगामात दिसतात. लांब लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी पोकळ नळी) लावली की वाटेवरून न उतरताही बरंच जवळ जाता येतं.

मग एफ/२२ का लावत नाही? प्रकाश बारीक भोकातून जाताना पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात. एफ/२२ ला अचूक फोकसमधला बिंदूही सेन्सरवर ०.०३ मिलिमीटरची चकती होऊन बसतो. म्हणजे डोळ्याने दिलेली सगळी सवलत फोकस चुकण्याआधीच खर्च झाली. सगळंच सारखं शार्प आणि सगळंच किंचित मऊ. एपीएस-सीवर ही वेळ एफ/१६ च्या आसपास येते. मॅक्रोत तर खऱ्या आकाराला पोचताना अपर्चर आहे त्याच्या दुप्पट आकड्यासारखं वागतं, लेन्सवर ११ लिहिलेलं असलं तरी परिणाम २२ चा. शिवाय पठारावर ढगाळ उजेड आणि वारा. फूल हलतंय म्हणून शटर १/२५० सेकंद हवं, एफ/११ हवं, मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ८०० ते १६०० वर जाणारच. जाऊ द्यावा. आयएसओचा दाणेदारपणा घरी साफ करता येतो, हललेलं फूल नाही. फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढून ते जोडायचे, याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. घरात टेबलावरच्या नाण्यासाठी ते उत्तम, वाऱ्यात डुलणाऱ्या फुलासाठी बहुधा मनस्ताप.

आता दृश्य. समोर फुलांचा गालिचा, मागे डोंगर. २४ मिलिमीटरची लेन्स, एफ/८. साहजिकच डोंगरावर फोकस केला जातो. तसं केलं तर २.४ मीटरपासून पुढचं शार्प येतं आणि डोंगराच्या पलीकडची डेप्थ वाया जाते, कारण तिथे काही नाहीच. तोच फोकस २.४ मीटरवर आणला, तर डोंगर सवलतीच्या हद्दीत बसतो आणि अलीकडे १.२ मीटरपर्यंतची फुलं आत येतात. या अंतराला हायपरफोकल डिस्टन्स म्हणतात. फोकल लेंग्थचा वर्ग, भागिले एफ नंबर, भागिले ०.०३, उत्तर मिलिमीटरमध्ये. एपीएस-सीवर १६ मिलिमीटरला एफ/८ असेल तर (०.०२ धरून) १.६ मीटर, आणि ८० सेंटिमीटरपासून पुढचं शार्प. पाठ करायचं असेल तर आपल्या लेन्सचा एकच आकडा पाठ करा, सगळा तक्ता नको.

‘दृश्याच्या एक तृतीयांश आत फोकस करा’ हा सल्ला याचाच भोंगळ अवतार आहे. पट्टा पुढे एक वाटा आणि मागे दोन वाटे पसरतो हे हायपरफोकलच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर फोकस केला तरच खरं ठरतं. जवळच्या पोर्ट्रेटमध्ये तो दोन्हीकडे जवळजवळ सारखा असतो. मघाच्या ५० मिलिमीटर, एफ/१.८ आणि दोन मीटरच्या उदाहरणात पुढे आठ सेंटिमीटर आणि मागे नऊ. हायपरफोकलवर फोकस केला तर मागे अनंतापर्यंत.

फुलं चाळीस सेंटिमीटरवर असतील तर हा हिशेबही तुटतो. २४ मिलिमीटरला तेवढी डेप्थ आणायला एफ/२४ लागेल, आणि त्याची किंमत वर सांगितली. अशा वेळी काही जण दोन फोटो काढून जोडतात. मी डोंगर सोडून देतो. सप्टेंबरात तो निम्मा ढगात असतो, थोडा मऊ झाला म्हणून कुणाला कळत नाही. फुलं मात्र मऊ झालेली लगेच कळतात.

जाता जाता कॅमेऱ्याविषयी एक. डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, व्ह्यूफाइंडरमधून बघताना लेन्स पूर्ण उघडी असते. अपर्चर फोटो काढण्याच्या क्षणीच बंद होतं. त्यामुळे एफ/११ लावलेलं असलं तरी डोळ्याला दिसणारी डेप्थ एफ/२.८ ची किंवा जे काही लेन्सचं सगळ्यात मोठं भोक असेल त्याची. पुष्कळ कॅमेऱ्यांवर लेन्सच्या बुडाशी एक छोटं बटण असतं, ते दाबलं की अपर्चर खरोखर बंद होतं, दृश्य काळोखं होतं आणि मागे लपलेली खांबाची काठी, फलक, कुणाचा तरी कोपर, सगळं वर येतं. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, हे मॉडेलवर अवलंबून असतं. काही आपोआप दाखवतात, काहींत बटणाला ते काम नेमून द्यावं लागतं. मॅन्युअलमध्ये ‘डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यू’ या नावाखाली शोधा, आणि शटर दाबण्याआधी ते एकदा दाबून फ्रेमचे चारही कोपरे बघा.